चांगला पाय पुढे करा

टाकीवाल्याला माणसांची किळस यायला लागली ती कामामुळे. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उचललं की वरून पाणी काचेसारखं दिसतं. घरमालक वाकून बघतो आणि म्हणतो, "चांगलं तर आहे की." मग टाकीवाला तळाची तोटी उघडायचा, पाणी जाऊ द्यायचा, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरायचा आणि खालून हाक मारायचा, "आता बघा." तळाला बोटभर गाळ. गाळात पाली, पिसं, झुरळांचे पंख. एकदा अख्खं कबूतर निघालं, फुगून उशीएवढं झालेलं. त्याच पाण्याने त्या घराने सकाळी चूळ भरली होती, आणि घरातली सून त्याला ग्लास पुढे करून म्हणत होती, "दमला असाल, पाणी घ्या."

तो कुणाच्या घरचं पाणी पीत नसे. आपली बाटली बरोबर ठेवायचा.

काम मात्र एकदम चोख. आधी भिंती, वरून खाली, काथ्याच्या ब्रशने. मग कोपरे, कारण आळशी माणूस कोपऱ्यातच ओळखू येतो. मग गाळ खरडून बादलीने बाहेर. मग पांढऱ्या फडक्याने तळ पुसायचा आणि ते फडकं उजेडात धरायचं. पांढरं दिसलं तर औषध मारायचं, नाही तर पुन्हा भिंतीपासून सुरुवात. त्याच्या धंद्यातले बाकीचे लोक टाकीच्या तोंडाशी उभं राहून पाइपाने फवारा मारायचे, बाहेरच्या अंगाला रंगाने तारीख घालायचे आणि निघून जायचे. मालक तारीख वाचून खूश. टाकीवाला अशा तारखांवर थुंकायचा. खरोखर थुंकायचा. "टाकी बाहेरून साफ होत नाही," हे त्याचं पालुपद होतं. "आत उतरावं लागतं."

लहानपणी आई त्याला प्रार्थनामंदिरात न्यायची तेव्हा तो बाकावर झोपायचा. लग्नानंतर इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि जागा राहायचा, एवढाच फरक. पुढे चाळिशीत एकदा उपदेशात बायबलातला तो भाग आला. ताट-वाटी बाहेरून घासून आत घाण ठेवणाऱ्यांना प्रभूने कसं झोडपलं, तो भाग. टाकीवाला ताठ बसला. हे तर आपल्या धंद्यातलं बोलणं. असा देव त्याला पहिल्यांदाच भेटला, झाकण उचलून तळ बघणारा. त्या दिवसापासून त्याने श्रद्धा मनावर घेतली. अर्धवट टाकी धुवायची नाही, खोटी तारीख घालायची नाही, आणि जगात जिथे जिथे वरून चकचकीत दिसतं तिथे तळाला काय असेल ते ओळखायचं.

हे शेवटचं त्याला फारच चांगलं जमायला लागलं. लग्नात गेला की हारांमागचे हेवेदावे दिसायचे. उपासनेत गाणाऱ्या मंडळींचे चेहरे बघून कोण कुणाशी बोलत नाही ते सांगायचा. घरी येऊन नाक मुरडायचा. बायको म्हणायची, "तुमचा प्रभू नाकात राहतो वाटतं. हातापायात कधी उतरतो का?"

"मी हातपायच वापरतो दिवसभर."

"ते पोटासाठी," ती म्हणायची, आणि त्याच्या ताटात वाढायची.

मग मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, नवे पाळक, उपदेश करणारे धर्मगुरू, आले. वयाने तरुण, बोलायला मऊ, कपड्यांना कधी सुरकुती नाही. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मागच्या खोलीत आठवड्याचा एक वर्ग सुरू केला, ख्रिस्ती दृष्टी आणि रोजचं जगणं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या, एक भाग वाचायचा, आणि प्रत्येकाने आठवडाभरात तो कुठे लागू केला ते पुढच्या वेळी सांगायचं. बिस्किटांची बशी फिरायची.

रंगाच्या दुकानाचे मालक म्हणाले, "मी ड्रायव्हरला आता नावाने हाक मारतो."

"आधी काय म्हणायचात?" टाकीवाल्याने विचारलं.

"ए."

सगळे हसले. निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, त्यांनी शेजारणीशी कचऱ्याच्या डब्यावरून चाललेलं भांडण सोडलं होतं.

"कसं सोडलंत?"

"मी माझा डबा तिच्या दारापासून उचलला."

"म्हणजे डबा तुमचाच होता?"

बाईंनी चष्मा पुसला. पाळक म्हणाले, "छोटी पावलंसुद्धा मोलाची असतात." टाकीवाल्याला बिस्कीट कडू लागलं. हे लोक टाकीच्या तोंडाशी उभं राहून फवारा मारत होते. त्याचा क्रम आला तेव्हा तो म्हणाला, "मी नवीन काही केलं नाही. टाक्या नीट धुतल्या." आणि मनातल्या मनात स्वतःच्या फडक्याकडे पाहून समाधान पावला.

अशात ताई पडली. टाकीवाल्याची थोरली बहीण, मोरीत पाय घसरून. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर बसलं. दुसऱ्या कुणाच्या घरी हे दुखणं एवढ्यावर भागलं असतं. ताईच्या घरी दाजी होते.

दाजी, म्हणजे तिचा नवरा. आयुष्यभर ट्रक चालवला, आयुष्यभर प्यायले, आणि आयुष्यभर तोंड सोडलं. ताईच्या भुवईत एक पांढरी रेघ होती. ती कपाटाचा कोपरा लागून झाली असं ती सांगायची. कपाट स्वतःहून चालत आलं नव्हतं हे टाकीवाल्याला माहीत होतं. आता साखरेच्या दुखण्याने दाजींच्या पायांतली जाण गेली होती, आणि डाव्या पायाला अंगठ्याखाली जखम होऊन ती आत आत गेली होती. ताई रोज ती धुवायची, कोरडी करायची, पट्टी बांधायची. एका हाताने ते जमेना. डाव्या हाताने ती पट्टी नुसती गुंडाळायची, आणि खाली जखम सडायची.

दवाखान्यातल्या नर्सने पट्टी सोडली आणि तिथेच टाकीवाल्याकडे वळली. "तुम्ही कोण? भाऊ? नीट ऐका. रोज धुतली गेली पाहिजे. उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी, स्वच्छ बोळे, कडेची सगळी घाण निघेपर्यंत. पंधरवड्याने दाखवायला आणा. असंच राहिलं तर पाय ठेवता येणार नाही, घोट्याच्या वरून काढतील. यांना दुखत नाही, म्हणून कुणाला घाई वाटत नाहीये."

टाकीवाला मान हलवत होता आणि तोंडाने श्वास घेत होता. कबूतर निघालं त्या दिवशीसुद्धा त्याने एवढं केलं नव्हतं.

बायकोने स्पष्ट सांगितलं, "ताईंचा स्वयंपाक, कपडे, केर, सगळं माझ्याकडे. तो पाय नाही. मला उलटी होते, आणि त्या माणसाचं तोंड ऐकलं की पुन्हा होते."

तिला काय बोलणार? ती जेवढं सांगायची तेवढं करायची. वर्गात त्याने विषय काढला. पाय जाईल हे सांगितलं, रोज कुणीतरी धुवायला हवं हेही सांगितलं. खोलीत अगदी उत्साह आला. रंगवाले म्हणाले, फळं मी पाठवतो. कुणी प्रार्थनेची पाळी लावली. बाईंनी पाळीची वेळ ठरवून दिली. धुण्याचं काय, हा प्रश्न बिस्किटांच्या बशीसारखा सगळ्यांच्या समोरून फिरला आणि कुणी हात न लावता परत आला. फळांची टोपली दुसऱ्या दिवशी ताईच्या पायरीवर होती. आणणाऱ्याने बेल वाजवून पळ काढला होता. साखरेच्या रोग्याला केळी आणि द्राक्षं.

टाकीवाला मात्र रोज जायचा. मीठ, बोळे, पट्ट्या, औषध घेऊन. खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहून सामान ताईच्या डाव्या हातात द्यायचा, काय काय करायचं ते सांगायचा आणि कामाला निघायचा. तेवढ्यात नाकात शिरलेला वास दुपारपर्यंत जायचा नाही. डबा उघडला की त्यातूनही तोच यायचा. बाटलीतल्या पाण्यालाही. गुळमट, सडका, जिवंत माणसाला शोभू नये असा.

"काय टाकीवाले," दाजी पलंगावरून ओरडायचे, "आज काय सापडलं, पाल का झुरळ?"

"काही नाही दाजी."

"इकडे ये ना. इथे जास्त मिळेल."

त्याच महिन्यात मंडळीची पाय धुण्याची उपासना होती. वर्षातून एकदा पाळक बाराजणांचे पाय धुवायचे, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. या मंडळीची त्यातली एक रीत अशी, की बाराजण घरून पाय घासून येत. कुणी ठरवली नव्हती, पण मोडतही कुणी नव्हतं. आदल्या दिवशी दगडाने टाचा घासायच्या, नखं कापायची, नवे मोजे घालायचे. बायका पावडर लावत. पाळकांच्या हाताला घाण लागू नये, एवढीच भावना. टाकीवालाही दोनदा त्या बारांत बसला होता, आणि दोन्ही वेळा साबण लावून पाय घासून गेला होता. यात काही चुकतंय असं त्याच्या त्या तरबेज नाकालासुद्धा कळलं नव्हतं.

या वर्षी वर्गाने ठरवलं की बारांत दाजींना बसवायचं. "हेच तर लागू करणं," पाळक म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. टाकीवाल्याने दाजींना विचारलं तेव्हा त्याला वाटलं होतं शिव्या मिळतील.

दाजींनी पायावरच्या पट्टीकडे पाहिलं. "पाय धुणार?"

"हो."

"पाळक स्वतः?"

"हो."

"मग ने," दाजी म्हणाले. "हिच्या हाताला तरी एक दिवस सुट्टी."

चाकाच्या खुर्चीत बसवून टाकीवाल्याने त्यांना नेलं. ताईने त्यांची दाढी केली होती, डाव्या हाताने, दोन ठिकाणी कापून. मंदिरात पुढे बारा खुर्च्यांची ओळ, गुलाबपाण्याचा वास, पांढरे टॉवेल, कुणीतरी फोटोला उभं. टाकीवाला दाजींच्या शेजारीच बसला, तोही बारांत होता. त्याचे पाय घासून गुलाबी झाले होते. ओळीत खाली नजर टाकली तर दुकानात मांडल्यासारखे पाय. पाळक कंबरेला टॉवेल गुंडाळून गुडघ्यावर सरकत एकेकाच्या पायावर पाणी ओतत होते, टिपत होते. घंगाळातलं पाणी जसं आलं तसंच होतं. तळ दिसत होता.

दाजींची पाळी आली तेव्हा ते आधीच वाकलेले होते. पट्टी सोडत होते. घाईघाईने, जाड बोटांनी, लहान मूल बुटाची नाडी सोडतं तसे. शेवटचा वेढा जखमेला चिकटलेला होता, तो त्यांनी ओढला आणि सोबत पिवळट काहीतरी आलं.

वास सुटला. पहिल्या रांगेत रुमाल वर गेले, मग दुसऱ्या रांगेत. कुणाचं तरी मूल मोठ्याने म्हणालं, "ई," आणि त्याच्या तोंडावर हात आला. गाणाऱ्यांपैकी एकीचा सूर तुटला. फोटोवाल्याने फोन खाली केला. रंगवाले खिडकी उघडायला म्हणून उठले ते तिथेच उभे राहिले.

पाळक पांढरे पडले होते. त्यांनी हात पुढे केला, थांबवला. मग हसून, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हा असू द्या. चांगला पाय पुढे करा."

दाजींना आधी समजलंच नाही. मग त्यांनी हळूच उजवा पाय पुढे केला. पाळकांनी त्यावर पाणी ओतलं, टिपलं, हात जोडले आणि सरकले. डावा पाय उघडाच राहिला. पट्टी फरशीवर लोंबत होती. टाकीवाल्याने ती उचलून गुंडाळायला हवी होती. तो समोरच्या भिंतीकडे बघत तोंडाने श्वास घेत राहिला. पाळक त्याच्या पुढ्यात आले, त्याने आपला घासलेला पाय पुढे केला. त्याच्या पायावरून ओघळलेलं पाणीसुद्धा स्वच्छच होतं.

उपासना संपल्यावर मागच्या रांगेतून ताई आली आणि एका हाताने पट्टी गुंडाळली. आजूबाजूचे लोक तिला वाट देत होते, जरा जास्तच वाट.

घरी जाताना रस्ताभर टाकीवाला बोलत होता. ढोंगी, पांढरपेशे, वरून चकचकीत, तळाशी गाळ. पाळकांना एका वाक्यात झोडपलं, रंगवाल्यांना दोन वाक्यांत. खुर्ची ढकलता ढकलता त्याला चांगलाच जोर आला होता. ताई प्लास्टरचा हात सांभाळत शेजारून चालली होती.

त्यांना पलंगावर बसवून टाकीवाला सवयीने उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला आणि तिथून पुन्हा सुरू झाला.

"झालं?" दाजी म्हणाले. "त्या पोराने निदान एक पाय तरी धुतला."

टाकीवाल्याने चौकटीवरचा हात काढला.

"तूच सांगत फिरतोस ना, टाकी बाहेरून साफ होत नाही म्हणून? मग दारात उभा राहून किती दिवस फवारे मारणार? आणि माझ्यासाठी म्हणत नाही मी. मी कसा माणूस आहे ते हिच्या भुवईला विचार. पण पाय गेला तर मला उचलायचं हिने. या मोडक्या हाताने."

"अहो, पुरे," ताई म्हणाली.

ती म्हणाली तरी ते शब्द खोलीतच राहिले. टाकीवाल्याने भुवईतल्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. या माणसाचा पाय कशासाठी धुवायचा? याने एक दिवस तरी असं काही केलं होतं का, की कुणी याच्यापुढे वाकावं? नव्हतं केलं. हा तळाचा गाळ होता. आणि गाळासाठीच तर उतरायचं असतं. स्वच्छ टाकीत उतरून काय करणार? घासलेले पाय धुण्यासारखंच ते. चाळिशीपासून तो झाकण उचलून बघणाऱ्या देवावर खूश होता. बघून झाल्यावर तो देव विजार दुमडून आत उतरला होता, एवढा पुढचा भाग त्याने सोयीने सोडला होता.

त्याला हे सुचून काही बरं वाटलं नाही. "ताई," तो म्हणाला, "पाणी उकळायला ठेव."

तो उंबरा ओलांडून आत गेला आणि पलंगापाशी जमिनीवर बसला. पट्टी भिजवून सोडवली. जखम तोंड उघडं टाकल्यासारखी होती, कडा पांढऱ्या, मऊ, मध्ये हिरवट काळं. पहिला बोळा फिरवला आणि तो उठून मोरीत धावला. ओकून, चूळ भरून आला. बसला. पुन्हा गेला. ताई खुर्चीत बसून सांगत होती, "आतून बाहेर. उलटं नको. कडेला थांब, तिथे धरून राहतं."

"कोपरा," टाकीवाला म्हणाला.

"हां, कोपरा."

"धुतोयस का नुसता बघतोयस?" दाजींनी विचारलं. ते छताकडे बघत होते. "मला काही कळत नाही बाबा. फसवलंस तरी कळायचं नाही."

हे खरं होतं. दोन बोळे फिरवून पट्टी बांधली असती तर त्यांना समजलं नसतं. वर तारीख घालून मोकळं होता आलं असतं.

"धुतोय," तो म्हणाला. एकेक बोळा फिरवून तो खिडकीच्या उजेडात धरायचा. पिवळा, टाक. तपकिरी, टाक. हातातून, कपड्यांतून, डोळ्यांतून तो वास आत जात होता आणि हा माणूस अजूनही त्याला तेवढाच नकोसा होता. यातलं काही कमी होईल म्हणून तो थांबला नाही. बोळा पांढरा निघाला तेव्हा थांबला.

"पाणी जरा गारच होतं," दाजी म्हणाले.

"तुम्हाला कळत नाही म्हणालात."

"घोट्यावर ओघळलं ना. तिथे कळतं."

दुसऱ्या दिवशी त्याने पाणी थोडं गरम घेतलं. तिसऱ्या दिवशी फक्त एकदा ओकला. त्यानंतर सकाळच्या टाकीआधी एक पाय, असाच क्रम लागला. त्या खोलीत कुणी गोड बोललं नाही. दाजी शिव्या द्यायचे, तो शिव्या ऐकत घासायचा. एकदा तो म्हणाला, "ताईला तोंड टाकून बोलायचं नाही. माझ्या हातात पाय आहे तोवर तरी." दाजींनी त्याच्याकडे बघितलं आणि त्या दिवशी खरंच गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

पंधरवड्याने नर्सने पट्टी सोडली. वाकून, नाक अगदी जवळ नेऊन बघितलं. "कोण करतंय हे?"

"मी."

"अंगठा जाईल," ती म्हणाली. "पाय राहील. थांबू नका पण. अजून महिनोन्‌महिने आहे हे."

वर्गात पाळकांनी त्याला विचारलं. बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. उपासनेपासून त्यांचे डोळे जरा खाली असायचे, आणि त्याबद्दल टाकीवाल्याला ते थोडे बरे वाटायला लागले होते. "तुमची साक्ष द्या ना," ते म्हणाले. "काय अनुभव आला?"

"किळस येते," टाकीवाला म्हणाला. "अजून येते. जेवण जात नाही."

सगळे थांबले, पुढे काही येईल म्हणून.

"उद्यापासून माझं दुसऱ्या गावात मोठ्या टाकीचं काम आहे. आठवडाभर येता यायचं नाही. पाय रोज धुवावा लागतो. कोण येतंय?"

रंगवाल्यांनी छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता. पाळकांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मला आधी दाखवावं लागेल," त्या म्हणाल्या. "किती वाजता?"

सकाळी त्या आल्या, दुहेरी रुमाल नाकाला लावून, घरून आणलेले रबरी हातमोजे पिशवीत. टाकीवाला पाणी घेऊन आत बसलेला होता. बाई उंबऱ्याशी आल्या आणि तिथेच थांबल्या. वास त्यांच्यापर्यंत पोचलेला दिसत होता. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यात भक्तीचा भाग मुळीच नव्हता.

दाजींनी पलंगावरून मान वर केली.

"आत तरी या, नाहीतर दार तरी लावा, बाई," ते म्हणाले. "माशा येतात."